मांडवामागचा जनरेटर

तंबूचा तमाशा गावोगाव फिरतो तेव्हा त्याच्या ताफ्यात कलावंतांची गाडी असते, कपडेपटाचा आणि वाद्यांचा ट्रक असतो, कनाती आणि खांब असतात, आणि एका गाडीवर जनरेटर असतो. ज्या माळावर फड उतरणार तिथे वीज असेलच असे नाही. असली तरी वग ऐन रंगात आलेला असताना ती टिकेल, याची हमी कोणी देत नाही. म्हणून फड आपला उजेड सोबत घेऊन हिंडतो. आधीच्या पिढ्यांनी टेंभ्यांच्या आणि मग गॅसबत्त्यांच्या उजेडात हेच केले. जनरेटरमुळे ध्वनिक्षेपक आला, रंगीत दिवे आले आणि गावाबाहेरचा अंधारा माळ पहाटेपर्यंत जागा राहू लागला. या यंत्राचे हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहायला हवे.

आज उघड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कार्यक्रमामागे ते उभे असते. गणेशोत्सवाचा मांडव, नवरात्रातला गरबा, उरूस, लग्नाचे लॉन, राजकीय सभा, गोव्याच्या किनाऱ्यावरचा संगीत महोत्सव. त्याची जागा ठरलेली: मांडवाच्या मागे, ताडपत्रीच्या आडोशाला, पाहुण्यांच्या नजरेपासून दूर. पाहुण्यांना तो दिसत नाही, पण काही माणसे सगळा वेळ त्याच्या शेजारीच असतात. रात्रभर त्याच्याजवळ झोपणारा ऑपरेटर, मागच्या बाजूला जागा मिळालेले भजीवाले आणि खेळणीवाले, कपडे बदलायला मागे आलेल्या कलावंत बाया, भिंतीपलीकडच्या घरातली म्हातारी माणसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात केला. सणाचा आनंद हजारोंनी घ्यायचा आणि धूर मात्र मागे बसलेल्या पाचपन्नास जणांनी गिळायचा, ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

नियम कडक झाले आहेत, हे खरे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नवी मानके १ जुलै २०२३ पासून लागू झाली आणि ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरांना धुरातले कण आणि नायट्रोजनची ऑक्साइड पूर्वीपेक्षा फार खाली आणावी लागली. पण ही अट नव्या यंत्रांना आहे. भाड्याने फिरणारे जनरेटर वर्षानुवर्षे चालतात, आणि मांडवामागे उभे राहणारे बहुतेक त्यांतलेच असतात.

सव्वाशेचा सेट, वीसचा लोड

जनरेटर किती मोठा लागेल हे कसे ठरते, ते पाहू. इथेच या विषयाची खरी गाठ आहे.

समजा, तीन दिवसांचा एक सांस्कृतिक महोत्सव आहे. लाइटवाल्याला विचारले, तो म्हणतो, ‘चाळीस किलोवॅट धरा.’ त्याला प्रत्यक्षात पंचवीस लागणार असतात, पण ऐनवेळी दिवे कमी पडले तर बोल त्याला लागेल. साउंडवाला आपल्या सगळ्या अॅम्प्लिफायरवर छापलेल्या वॅटची बेरीज करून आकडा देतो. स्टॉलवाल्यांना कोणी विचारतच नाही, त्यांच्यासाठी अंदाजाने काहीतरी धरले जाते. या बेरजेवर मंडपवाला आपली थोडी भर घालतो आणि शेवटी जनरेटरवाला म्हणतो, ‘सव्वाशेचा सेट पाठवतो, टेन्शन नाही.’ म्हणजे १२५ केव्हीए, सुमारे १०० किलोवॅट. प्रत्येकाने अंधाराच्या भीतीपोटी आपापला गाळा वाढवलेला असतो. या भीतीत गैर काही नाही. भरल्या सभेत लाइट गेली तर काय होते, हे आयोजकाला पुरते ठाऊक असते.

प्रत्यक्षात काय घडते? स्पीकरमधून वाजणारे संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही. ढोलाचा ठोका पडला की क्षणभर विजेची मागणी उसळते आणि दुसऱ्याच क्षणी खाली येते. ध्वनितंत्रज्ञ सरासरी मागणी मोजताना अॅम्प्लिफायरच्या कमाल ताकदीचा साधारण आठवा भाग धरतात. दिव्यांचेही तसेच. सगळे दिवे एकदम पूर्ण तेजात असण्याची वेळ रात्रीत थोडा वेळच येते. आणि कार्यक्रम संपल्यावर? रात्री अकरापासून सकाळपर्यंत राखणदारीचे चार दिवे, एक फ्रीज आणि मोबाइल चार्जिंगची पट्टी, एवढ्यासाठी तोच १०० किलोवॅटचा सेट धडधडत राहतो.

डिझेल इंजिनाचा स्वभाव असा, की त्याला भरपूर काम दिले तर ते इंधनाचा नीट मोबदला देते. तीनचतुर्थांश भारावर असा सेट एका लिटरमागे साधारण साडेतीन युनिट किंवा थोडी जास्त वीज देतो. भार दहाव्या हिश्श्यावर आला की लिटरमागे जेमतेम दोन युनिट हाती पडतात, कारण इंजिन फिरत ठेवायलाच बरेच इंधन जाते. शिवाय कमी भारावर इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, अर्धवट जळालेले इंधन आणि काजळी धुराड्यात साचते. कामाचा भार कमी म्हणून धूरही कमी असेल, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. रिकामा फिरणारा जनरेटर दर युनिटमागे जास्त घाण करतो.

हिशेब पैशांतही मांडू. डिझेल नव्वद रुपये लिटर धरले, तर नीट भारावर एका युनिटचे नुसते इंधन पंचवीस रुपयांच्या आसपास पडते, आणि रात्रीच्या चार दिव्यांसाठी तेच पंचेचाळीसवर जाते. यात भाडे नाही, ऑपरेटर नाही, वाहतूक नाही. एवढी महाग वीज घरात कोणी एक तासही वापरणार नाही. सणात ती दहा-दहा दिवस वापरली जाते आणि हिशेबाच्या वहीत ‘डिझेल’ या एका ओळीत दडून राहते. किती युनिट वापरली, हे त्या वहीत कुठेच नसते.

जगभर गेल्या वीस वर्षांत ज्यांनी मोठे महोत्सव स्वच्छ विजेवर नेण्याचा प्रयत्न केला, त्यांचे अनुभव वाचताना एक गोष्ट सतत समोर येते. वीज कुठून आणायची हा प्रश्न त्यांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा लागला. आधी मोजावे लागले. कुठल्या स्टेजला किती वाजता किती वीज लागते, हे तासागणिक मोजले तेव्हा कळले, की बरेचसे जनरेटर नुसत्या धास्तीपोटी उभे होते. माझे म्हणणे एवढेच आहे, की आपणही हीच सुरुवात करावी. सौर पॅनेल, बॅटरी, वनस्पतीजन्य इंधन यांतले काहीही मोजमापाशिवाय आणले, तर ते धास्तीच्या आकड्याइतके मोठे आणावे लागते, आणि मग परवडत नाही म्हणून दुसऱ्या वर्षी सोडून दिले जाते.

आधी खांबावरची वीज

सगळ्यांत स्वच्छ आणि स्वस्त पर्याय बहुतेक वेळा सगळ्यांत साधा असतो: महावितरणची तात्पुरती जोडणी. उघड्यावरच्या प्रचंड मेळ्याला वीजवाहिनीवर चालवता येते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजला महाकुंभ भरला. नदीच्या वाळूत सुमारे ४,००० हेक्टरांवर ४५ दिवसांसाठी एक नगर वसले. तिथे तात्पुरती उपकेंद्रे उभी राहिली, वाळूत खांब रोवले गेले, सुमारे ६७ हजार एलईडी दिवे लागले आणि त्यांच्या जोडीला सुमारे दोन हजार सौर-संकरित पथदिवे, म्हणजे वीज गेली तरी स्वतःच्या बॅटरीवर तेवत राहणारे. डिझेल जनरेटर होते, पण आधाराला. ज्या देशाचे वीज अभियंते वाळूत शहर उजळवून दाखवतात, तिथे पक्क्या रस्त्यावरच्या मांडवाला दहा दिवस जनरेटर लावावा लागतो, यामागचे कारण तांत्रिक नाही.

कारणे वेगळी आहेत. अर्ज, अनामत, विद्युत निरीक्षकाचा दाखला, ठेकेदाराचा चाचणी अहवाल, यासाठी कार्यकर्त्यांना धावपळ करावी लागते. जनरेटर मात्र एका फोनवर येतो. गावाची डीपी आधीच शेतीपंपांनी वाकलेली असते आणि जत्रेचा लोड त्यावर टाकला तर गावच अंधारात जाईल, अशी रास्त भीती असते. दाब कमी-जास्त झाला तर साउंडवाल्याचे महागडे यंत्र जळते. आणि काही ठिकाणी सरळ आकडा टाकला जातो. आकड्याची वीज फुकट वाटते, पण पावसात भिजलेल्या मांडवात, उघड्या जोडांच्या वायरींमधून, अर्थिंगशिवाय ती माणसे मारते. महावितरण दरवर्षी गणेशोत्सवाआधी मंडळांना अधिकृत जोडणी घेण्याचे आवाहन करते, सवलतीच्या दराने ती देतेही. गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र आणि नीट अर्थिंग, या दोन गोष्टी कुठल्याही सजावटीच्या आधी यायला हव्यात. विजेचा स्रोत हिरवा असो की काळा, ही अट बदलत नाही.

ओस्लोच्या टोयेन उद्यानात भरणारा ओया महोत्सव मुख्यतः शहराच्या वीजवाहिनीवर चालतो, आणि नॉर्वेची बहुतेक वीज पाण्यापासून बनते. त्यामुळे तिथे जोडणी घेतली की काम जवळपास फत्ते झाले. आपल्याकडे असे म्हणता येत नाही. भारताच्या वीजवाहिनीत कोळशाचा वाटा मोठा आहे; सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर डिझेल जळाले की साधारण २.७ किलो. म्हणजे नीट भरलेल्या जनरेटरची एक युनिट वीज जवळपास तेवढाच कर्बवायू सोडते, जेवढा वाहिनीची वीज सोडते. रिकाम्या फिरणाऱ्या जनरेटरची मात्र दुपटीच्या घरात. तेव्हा नुसती जोडणी घेऊन हवामान बदल थांबवला असे कोणी म्हणू नये. पण मांडवातल्या माणसांच्या नाकासमोरचा धूर जातो, आवाज जातो, खर्च उतरतो, आणि वाहिनीतली सौर-पवन वीज दरवर्षी वाढते आहे, तसा त्या जोडणीचा फायदाही वाढत जातो. शिवाय महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये ग्राहकांना पूर्णपणे नवीकरणीय वीज मागण्याची सोय केली. त्यासाठी तेव्हा युनिटमागे ६६ पैसे जादा ठरवले होते. लाखोंची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाला ही रक्कम जड नाही.

जिथे दरवर्षी त्याच जागी उत्सव भरतो, तिथे तर तात्पुरत्या जोडणीचाही विचार करू नये. जत्रेचे मैदान, बाजारतळ, शाळेचे पटांगण, मंदिराचा परिसर अशा ठिकाणी कायमचा थ्री फेज पॉइंट, मीटरची पेटी आणि पुरेशी डीपी एकदाच बसवली, तर पुढची तीस वर्षे प्रत्येक सभा, प्रत्येक लग्न, प्रत्येक तमाशा त्यावर चालेल. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात गटारे आणि रस्त्यांबरोबर ही ओळ यायला काय हरकत आहे? फड मालकाला डिझेलचा खर्च वाचला तर त्याची सुपारीही थोडी हलकी होईल.

बॅटरीचा मांडव

२५ ऑगस्ट २०२४. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या क्लिफ्टन डाउन्स या मोकळ्या माळावर ‘मॅसिव्ह अटॅक’ या बँडचा कार्यक्रम झाला. तीस हजारांहून अधिक माणसे आली होती. पूर्ण दिवस, मुख्य स्टेजपासून खाण्याच्या स्टॉलपर्यंत, कार्यक्रम बॅटऱ्यांवर चालला. नवीकरणीय विजेवर भरून त्या मैदानावर आणल्या होत्या. बँड मूळचा ब्रिस्टलचाच. त्यांनी काही वर्षे आधी मँचेस्टर विद्यापीठाच्या टिंडल सेंटरमधल्या हवामान शास्त्रज्ञांना एक प्रश्न दिला होता: पॅरिस कराराच्या दीड अंशाच्या मर्यादेत बसेल असा संगीताचा कार्यक्रम कसा करायचा? २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला आणि ब्रिस्टलचा कार्यक्रम त्या अहवालाची प्रत्यक्ष चाचणी होता. नावही ‘अॅक्ट १.५’.

हा प्रयोग मला मोलाचा वाटतो, कारण त्यांनी फक्त विजेवर थांबून समाधान मानले नाही. शास्त्रज्ञांनी त्यांना सांगितले होते, की कार्यक्रमाच्या एकूण उत्सर्जनात प्रेक्षकांच्या येण्याजाण्याचा वाटा फार मोठा असतो. म्हणून मैदानाशेजारी मोटारींसाठी पार्किंगच ठेवले नाही. रेल्वे स्थानकापर्यंत विजेवर चालणाऱ्या बसगाड्या सोडल्या, रात्री उशिराच्या जादा गाड्यांची व्यवस्था केली, तिकिटे आधी आसपासच्या रहिवाशांसाठी खुली केली. आपल्याकडे वारी आणि जत्रा यांच्यात हे शहाणपण आधीपासून आहे. एसटीच्या जादा गाड्यांवर, पायी दिंड्यांवर आपले मोठे उत्सव उभे आहेत. ब्रिस्टलकडून शिकायचे आहे ते विजेचे.

बॅटरी नेमके काय करते? ढोलाच्या ठोक्यासरशी उसळणारी मागणी ती क्षणात भागवते. जनरेटर त्या क्षणिक उसळीसाठी मोठा घ्यावा लागतो. बॅटरी मध्ये आली की सरासरीपुरता घेतला तरी चालतो. रात्रीचे चार दिवे ती आवाज न करता सांभाळते. आणि वाहिनीची जोडणी लहान असली, तरी दिवसभर हळूहळू भरून संध्याकाळी ती एकदम मोठी वीज देऊ शकते. गावची डीपी कमजोर आहे, या अडचणीवरचे हे थेट उत्तर आहे: दुपारी शेतीपंप बंद असताना बॅटरी भरा, रात्री तमाशा चालवा.

अगदी जनरेटर ठेवायचाच झाला, तरी बॅटरीच्या जोडीने त्याचे डिझेल बरेच कमी होऊ शकते. रात्रीच्या दहा तासांत पाच किलोवॅटचा भार धरा, म्हणजे ५० युनिट. ५० किलोवॅटचा सेट रात्रभर चालू ठेवला तर पंचवीसेक लिटर सहज जाते. तोच सेट संध्याकाळी, कार्यक्रमाच्या वेळी, चांगल्या भारावर चालवून बॅटरी भरून घेतली, तर भरण्या-उतरवण्यातली घट धरूनही सोळा-सतरा लिटरांत भागते. आणि रात्रभर इंजिन बंद. शेजारच्या घरातले तान्हे मूल झोपते, ऑपरेटरही झोपतो.

अडचणीही सांगायला हव्यात. भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या आपल्याकडे अजून थोड्या आहेत, त्यांचे भाडे जड आहे. त्या वजनदार असतात, चिखलात रुततात. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळीसच्या वर असताना त्यांना सावली आणि हवा लागते. आणि जनरेटरमध्ये आणखी वीस लिटर ओतून वेळ मारून नेता येते तशी सोय इथे नाही. बॅटरी संपली की संपली. तिच्यावर विसंबायचे तर आपली गरज किती, हे आधी माहीत असावेच लागते. मोजल्याशिवाय बॅटरी वापरताच येत नाही, आणि माझ्या मते हा तिचा दोष नसून मोठा गुण आहे.

ऊन कधी आणि कुठे

सौर ऊर्जेचा विषय निघाला की पॅनेल मांडवाच्या छपरावर टाकायची कल्पना लगेच सुचते. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देते. २०० युनिटच्या कार्यक्रमाला ५० किलोवॅट, म्हणजे काही हजार चौरस फूट जागा लागेल, आणि वीज दुपारी तयार होईल तर कार्यक्रम रात्री असेल. त्यात गणपती येतात भाद्रपदात, ढगांच्या दिवसांत. तेव्हा चारऐवजी दोन युनिटांवर समाधान मानावे लागेल. गावजत्रांचा हंगाम मात्र चैत्र-वैशाखाचा, कडक उन्हाचा. मोठे संगीत महोत्सव डिसेंबरात, स्वच्छ आभाळाखाली. म्हणजे एकच उपाय सगळ्या सणांना लागू पडत नाही. पंचांग पाहून ठरवावे लागते.

तात्पुरते पॅनेल उभारण्यापेक्षा कायमचे पॅनेल बसवणे कितीतरी फायद्याचे, हे नेदरलँड्समधल्या एका मैदानावर दिसते. बिडिंगहाउझेन इथे ‘लोलँड्स’ हा संगीत महोत्सव भरतो. त्याच्या पार्किंगच्या मैदानावर मोटारींना सावली देणारे सौर छप्पर २०२२ मध्ये पूर्ण झाले: सुमारे ९० हजार पॅनेल, क्षमता ३५ मेगावॅट. महोत्सव थोड्या दिवसांचा, छप्पर मात्र बाराही महिने वीज बनवून वाहिनीत टाकते आणि हजारो घरांना पुरवते. सणाच्या निमित्ताने उभे राहिलेले काम वर्षभर गावाच्या कामी यावे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. जत्रेच्या वर्गणीतून धर्मशाळा, विहिरी, घाट बांधलेल्या गावांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. शंभरेक घरांच्या वस्तीला हे जमते, तर ज्या देवस्थानांची छपरे एकरांत मोजावी लागतात त्यांनाही जमेल.

मुंबईकरांनी जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’चे कार्यक्रम पाहिले. या बँडने मार्च २०२२ मध्ये कोस्टारिकात सुरू केलेल्या दौऱ्यात बीएमडब्ल्यू आय३ मोटारीच्या बॅटऱ्यांपासून बनवलेली फिरती बॅटरी, प्रेक्षकांच्या नाचण्यातून वीज घेणारी जमीन आणि पायडल मारून वीज बनवणाऱ्या सायकली आणल्या. कार्यक्रमागणिक आपले उत्सर्जन २०१६-१७च्या दौऱ्यापेक्षा ५९ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केले. प्रयत्न प्रामाणिक आहे. पण सायकलींकडे आणि नाचत्या जमिनीकडे पाहून कोणाची दिशाभूल होऊ नये. सौर पॅनेल, जमीन आणि सायकली मिळून एका कार्यक्रमात सरासरी १५ युनिट वीज तयार होते, असे बँडनेच २०२३ मध्ये सांगितले. स्टेडियमच्या एवढ्या मोठ्या कार्यक्रमाची गरज हजारांत जाते. त्यांनी ती वीज एका छोट्या स्टेजसाठी वापरली, हे ठीकच. साधा माणूस सायकलवर सातत्याने शंभरेक वॅट देऊ शकतो. दहा माणसांनी तासभर घाम गाळला की एक युनिट. एक युनिट विजेला किती कष्ट पडतात हे शरीराला कळते, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात अशी एक सायकल ठेवावी ती यासाठीच. उत्सर्जन खाली येते ते बॅटरीमुळे, इंधन बदलल्यामुळे, प्रवास आणि सामान कमी केल्यामुळे.

इंधन बदलण्याचे उदाहरण ग्लास्टनबरीचे. सॉमरसेटमधल्या मायकेल ईव्हिस यांच्या शेतावर १९७० पासून भरणाऱ्या या महोत्सवाला दोन लाखांवर माणसे येतात. २०२३ मध्ये त्यांनी सगळी वीज नवीकरणीय स्रोतांवर आणि इंधनांवर नेली. जिथे जनरेटर टाळता आले नाहीत, तिथे वापरलेल्या खाद्यतेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेले इंधन ओतले. ते चालू इंजिनात बदल न करता चालते. यात एक खबरदारी हवी: इंधन खरोखरच वापरलेल्या तेलाचे असावे. जंगल तोडून लावलेल्या पामच्या तेलाचे असेल, तर केलेले सगळे वाया. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये वापरलेले तळणाचे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली. जत्रेतल्या भजी-जिलेबीच्या कढयांत पुन्हा पुन्हा तापवले जाणारे काळे तेल पोटात न जाता गोळा झाले, तर इंधनाआधी आरोग्याचाच फायदा मोठा.

मोजणी आणि करारनामा

मागणी कमी करणे हा तर सगळ्यांत स्वस्त उपाय. स्टेजवरच्या जुन्या डब्यासारख्या दिव्यात १,००० वॅटचा बल्ब असे. त्याच कामाला आजचा एलईडी दिवा दीडशे-दोनशे वॅटमध्ये पुरतो, आणि रंगासाठी कागद लावावा लागत नाही. हा बदल आपल्या लाइटवाल्यांनी स्वतःहून बराचसा केला आहे. पण दिवे बदलले तरी जनरेटर मागवायचा आकडा जुन्याच दिव्यांचा राहिला. आवाजाच्या भिंतींबद्दल मी इथे फार लिहीत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहाची मर्यादा घातली आहे, आणि कानठळ्या बसवणारी मिरवणूक बॅटरीवर चालवली म्हणून ती चांगली होत नाही, एवढे पुरे.

मोजणीसाठी फार खर्च नाही. जनरेटरच्या मुख्य केबलवर नोंद ठेवणारा मीटर बसवायचा आणि दर तासाचा आकडा वहीत लिहायचा. पहिल्या वर्षी काही बदलू नये, फक्त लिहावे. स्टेज, मांडव, स्टॉल, पाणी, राखणदारी यांच्या ओळी वेगवेगळ्या ठेवाव्यात. दुसऱ्या वर्षी त्या वहीवरून कळेल, की सव्वाशेच्या जागी साठचा सेट पुरतो, स्टॉलना जोडणी घेता येते आणि रात्री काहीच चालू ठेवायला नको.

दुसरी गोष्ट करारनाम्याची. आज जनरेटरचे भाडे दिवसावर आणि डिझेल लिटरवर ठरते. त्यामुळे कमी इंधनात काम करण्यात जनरेटरवाल्याचा काहीच फायदा नसतो. डिझेलचा खर्च आयोजकाचा. तोच व्यवहार युनिटवर ठरवला, ‘मीटरवर पडेल तेवढ्या युनिटचे पैसे,’ तर योग्य आकाराचा सेट आणण्यात आणि बॅटरी जोडण्यात त्याचेच हित असेल. गावोगावच्या जनरेटरवाल्यांचा धंदा बुडवायचा नाही. त्यांच्याच गाडीवर उद्या बॅटरी चढायला हवी. वायरिंग, लोड, फेज, अर्थिंग यांची जाण त्यांच्याइतकी कोणाला नाही. बँका आणि सहकारी पतसंस्थांनी जनरेटरला कर्ज दिले तसे या यंत्रांनाही द्यावे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला आहे. मुख्य स्नाने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७ मध्ये, भर पावसाळ्यात. तिथे तात्पुरत्या सौर पॅनेलांवर फार विसंबता येणार नाही. वाहिनी, उपकेंद्रे आणि बॅटऱ्या यांवरच भिस्त ठेवावी लागेल. साधुग्राम, वाहनतळ, आरोग्य केंद्रे, पोलिस चौक्या यांच्या विजेच्या निविदा निघतील, तेव्हा त्यांत तीन अटी घालता येतील. जनरेटर फक्त आधाराला आणि नव्या मानकांचाच. प्रत्येक जोडणीवर तासागणिक नोंद ठेवणारा मीटर, आणि त्या नोंदी मेळ्यानंतर लोकांसाठी खुल्या. आणि रोहित्रे, केबल, पेट्या अशा जागी, की मेळा उठल्यावर त्या भाजीबाजाराला, शाळांना, पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सवाला वापरता येतील.